अकरा पत्रे

तलाठी असताना एका दुपारी मी शाळेच्या ओसरीत अडकले आणि लिंबाएवढ्या गारा पडताना पाहिल्या. वाऱ्यानं समोरची चिंच मुळासकट आडवी झाली. गारा थांबताच मी पंचनाम्याला निघाले.

एकट्या राहणाऱ्या कौसाबाईंच्या घरावर पत्राच उरला नव्हता. भिजलेली ज्वारी त्या सुपात गोळा करत होत्या. उघड्या वाशांवरून अंदाज घेत मी लिहिलं, बारा पत्रे उडाले.

“अकरा लिहा, ताई,” त्या म्हणाल्या. “चुलीवरचा पत्रा मीच मागं काढून शेळ्यांच्या गोठ्यावर घातला.”

“राहू द्या. एका पत्र्यानं काय होतंय?”

“पण वाऱ्याच्या माथी कशाला मारायचं? त्यानं नेलं तेवढंच लिहा.”

मी आकडा खोडला आणि शेजारी सही केली. कौसाबाईंनी हात पदराला पुसले आणि खाली आपलं पूर्ण नाव सावकाश लिहिलं.

नंतर मी कितीतरी नुकसानी नोंदवल्या. नवे तलाठी माझ्याकडे काम शिकायला आले, की खाडाखोड असलेल्या त्या कागदाची गोष्ट मी आधी सांगते. माझ्या हातची सगळ्यात खरी नोंद ती. ती एका छप्पर गेलेल्या बाईनं माझ्याकडून करून घेतली, हे सांगताना माझी मान आजही ताठ होते.