दोघांनी उचलायची पेटी

नऊ नोव्हेंबर, रविवार. दुपारची जेवणं आटोपल्यावर मी पडवीत वर्तमानपत्र पसरलं आणि बंदुकीची पेटी उघडली. ऑक्टोबरमध्ये एकदा बंदूक तेवढी काढून परत ठेवली होती; बाकी सामानाला आठ महिन्यांत हात लागला नव्हता. पावसाळा काढलेल्या बंद पेटीत आमच्याकडे काय सापडेल, सांगता येत नाही. हातमोज्यावर बुरशी होती, जॅकेटला कुबट वास होता, बुटांच्या तळव्यांवर पांढरा थर धरला होता. एअर रायफल मात्र ठणठणीत होती. नवऱ्याने तिला तेलाचा हात देऊन जुन्या धोतराच्या चिंधीत गुंडाळून ठेवलं होतं. मार्चमध्ये तो गेला. त्याच्या चार दिवस आधीचं ते तेल होतं.

कामं दोन होती. हे सगळं पुसून वाळवायचं आणि उद्या सकाळी ते रेंजवर न्यायचं कसं, हे ठरवायचं. पहिलं काम तासाभरात झालं.

रेंज म्हणजे वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळी माळावर, एक लांबट हॉल आहे. दहा मीटरवर कागदाची निशाणं, पाच लेन. सकाळच्या लेन ठरलेल्या माणसांना मिळतात. आमच्या प्रशिक्षकांनी माझी लेन आठ महिने कुणाला दिली नव्हती. शनिवारी त्यांचा फोन आला. "बाई, सोमवारी आलात तर लेन तुमची. नाही आलात तर मी दुसऱ्याला देतो. वाईट वाटून घेऊ नका, लोक थांबलेत." मला वाईट वाटलं नाही. मी शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते; रिकामं टेबल किती दिवस अडवून ठेवायचं, हे मला कळतं. फक्त एवढंही कळत होतं की सोमवारी गेले नाही तर पुन्हा कधीच जाणार नाही.

शाळेत असताना मी एनसीसीत बंदूक चालवली होती. लग्नानंतर ते सुटलं. सड्यावर रेंज सुरू झाली तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते, आणि नवऱ्यानेच मला धक्का देऊन पाठवलं. सासूबाईंनी तेव्हा शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं, "या वयात बाया तुळशीला पाणी घालतात. आमची सून गोळ्या घालते."

"निदान आपल्याला तरी घालत नाही," नवरा म्हणाला होता.

तो बंदरावर फायबरच्या होड्या दुरुस्त करायचा. मी बंदूक घेतली तेव्हा दुकानातली पेटी त्याला पसंत पडली नाही. "हे काय, टिफिनचा डबा," म्हणाला, आणि तीन रविवार खपून स्वतः एक पेटी बनवली. फायबरची, चार फूट लांब, होडीच्या उरलेल्या निळ्या रंगाने रंगवलेली. आत फोम कापून बंदुकीच्या आकाराची जागा केली, अशी नेमकी की बंदूक ठेवली की हलायचं नाव नाही. उचलायला दोन्ही टोकांना जाड दोराच्या कड्या. मधे मूठ नाही.

"अहो, ही एकट्या माणसाने उचलायची कशी?" मी विचारलं.

तो पेटीकडे बघत राहिला. खरं सांगायचं तर त्याच्या ते डोक्यातच आलं नव्हतं. बंदरावर एकट्याने उचलायची वस्तू फारशी नसतेच. माशांचा क्रेट दोघे उचलतात, बर्फाची लादी दोघे, इंजिन चौघे. त्याने आयुष्यभर जे बनवलं त्याला दोन टोकं होती आणि प्रत्येक टोकाला एक माणूस होता.

"एकट्याने कशाला उचलायची?" शेवटी म्हणाला. "मी आहे ना."

मी त्याला वेडपट म्हटलं, हे मला आठवतं.

आमचं घर खाली, बंदराच्या अंगाला. दारापर्यंत गाडी येत नाही. घरापासून सड्यापर्यंत पाखाडी आहे, म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट. पायऱ्या एकशे बावीस, पण एकसारखी एकही नाही. वर गेलं की डांबरी रस्त्याने दहा मिनिटं चाललं की हॉल. दोन वर्षं, आठवड्यातून तीन सकाळी, आम्ही ती पेटी दोघांनी वर नेली आणि खाली आणली. नेऊन पोचवली की तो तिथूनच कामावर जायचा आणि तासाभराने परत घ्यायला यायचा. रेंजवर लोक हसायचे. "बाई, मासे कुठले आणलेत आज?" असं एकाने विचारलं की मी सांगायची, "बांगडे आहेत, उघडू नका, वास येईल."

आता दुसऱ्या कामाकडे वळले.

पाठीवर अडकवायची लांब पिशवी मी ऑक्टोबरमध्येच मागवून ठेवली होती. चांगली होती, आत अस्तर होतं, पट्टे रुंद होते. मी ती एकदा वापरूनही बघितली. सकाळी गुपचूप बंदूक भरून पाखाडी चढले आणि वर ठेवलेल्या स्कूटरवरून रेंजपर्यंत गेले. आत गेले नाही. परत येऊन परसात कागद लावून पाच गोळ्या मारल्या. पाचही डावीकडे, एकाच जागी. नेम माझा नव्हता चुकला, बंदुकीवरची नेम धरायची साइट हलली होती. पेटीत दोन वर्षांत ती केसभर हलली नव्हती. स्कूटरवर किंवा पायऱ्यांवर पिशवी कुठेतरी आपटली असणार. प्रत्येक वेळी जाऊन आधी साइट लावत बसायचं, तर तास त्यातच जातो.

चाकांच्या ट्रॉलीचा विचार पाखाडीच्या तिसऱ्या पायरीवर संपला. सामान रेंजवरच ठेवावं, तर हॉलमध्ये कपाट नाही आणि हवा आमच्या घरापेक्षा दमट. मग मी नवऱ्याच्या जोडीदाराकडे, म्हणजे त्याच्या बरोबरीने पंधरा वर्षं फायबरचं काम करणाऱ्या कारागिराकडे पेटीचे फोटो घेऊन गेले. म्हटलं, मधोमध एक मूठ बसवून द्या.

त्याने फोटो मोठा करून बघितला. "वहिनी, हे नाय होणार."

"का?"

"सगळी जाडी त्याने टोकांना दिलीय. मधे एकच थर हाय. तिथे मूठ लावून उचललीत तर पेटी मधून तडकणार." मग फोन परत देत म्हणाला, "मी त्याला सांगितलं होतं तेव्हाच, अरे मधे एक थर टाक, उद्या वहिनीला एकटीला न्यायची झाली तर? तर मला म्हणाला, तू तुझं काम बघ."

तेव्हा रविवारी दुपारी सगळं पुसून, वाळवून, परत पेटीत भरून मी बसले होते, आणि माझ्यापुढे एवढाच हिशेब होता. पिशवीत न्यायची तर साइट जाते. पेटीत न्यायची तर दुसरा माणूस लागतो. बूट, जॅकेट, पँट वेगळी पाठीवर घेतली तरी पेटी बंदुकीसकट बारा किलो. वजन फार नाही. दोन कड्या एकमेकींपासून चार फुटांवर आहेत, हीच अडचण. मी एका कडीला धरून ती ओढून बघितली. पडवीच्या लादीवर निळा ओरखडा उमटला. मग मी उठून ओल्या फडक्याने ओरखडा पुसला.

सासूबाई झोपाळ्यावर बसून हे सगळं बघत होत्या. त्यांनी तीस वर्षं बंदरावरून मासे घेऊन गावोगाव विकले. आता गुडघे गेले, पण मान अजून ताठ आहे.

"डोक्यावर घे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पेटी. दोघांचं ओझं एकटीला न्यायचं तर दुसरी जागा कुठली? डोकंच."

माझं माहेर पालीच्या बाजूचं, शेतीचं. लहानपणी मी भाताचे भारे डोक्यावरून नेले आहेत. डोक्यावर ओझं नको, म्हणून तर मी शिकले, परीक्षा दिल्या, नोकरी धरली. लग्न ठरताना वडिलांनी एकच अट घातली होती की मुलगी माशांची पाटी घेऊन बाजारात बसणार नाही. हे सासूबाईंना माहीत होतं. गेल्या बावीस वर्षांत त्यांनी मला पाटीला कधी हात लावू दिला नव्हता.

"आई, मी नाही न्यायची," मी म्हटलं. "सोडून देते. लेन सर देऊ देत कुणाला द्यायची त्याला."

"का गो? वजनासाठी?"

तेव्हा मी ते बोलले. आठ महिने कुणाला सांगितलं नव्हतं. पाखाडी चढताना वजन खालच्या माणसावर येतं. उतरताना तो पुढे व्हायचा, म्हणजे पुन्हा खालीच. दोन वर्षं त्याने मला एकदाही खालचं टोक धरू दिलं नाही, आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही. मी शाळेत मुलांना तरफ शिकवताना मदत करते, तरी. शेवटच्या शनिवारी तो चढताना तीनदा थांबला. पिंपळापाशी, नळापाशी आणि वरच्या वळणावर. मी वर उभी होते, माझ्या हातात हलकं टोक होतं. मी म्हटलं, "पेटीचं वजन तेवढंच आहे, तुमचं वाढलंय. चला, उशीर होतोय." तो हसला आणि चढला. बुधवारी दुपारी कामावर खाली बसला तो उठला नाही. मी शाळेत होते.

सासूबाईंनी झोपाळा पायाने थांबवला.

"मला दिसायचा तो इथून," त्या म्हणाल्या. "तुम्ही चढायचात ते मी रोज बघायचे. त्याच्या आदल्या आठवड्यात पण थांबायचा. पिंपळापाशी."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटायचं, बायकोशी बोलायला थांबतो."

खाली बंदरावर कुणीतरी इंजिन चालू करून बघत होतं, ते दोनदा बंद पडलं. मग सासूबाई भिंतीला धरून उठल्या, आत गेल्या आणि येताना आपली जुनी चुंबळ घेऊन आल्या. चुंबळ म्हणजे डोक्यावर ओझ्याखाली ठेवायचं कापडाचं कडं. त्यांची चुंबळ सुती लुगड्याच्या पट्ट्यांची होती, कितीही धुतली तरी माशांचा वास न गेलेली.

"उद्या किती वाजता जायचं?"

"सहाला."

"मला उठव. डोक्यावर चढवताना एकटीला नाय जमत. हात लावायला माणूस लागतं." आणि मग, नेहमीच्या आवाजात, "उतरवताना पण लागतं. तिथे कुणाला तरी सांग. एकटीने उतरवायला जाशील नि बंदुकीवर बसशील."

दुसऱ्या दिवशी त्यांना उठवावं लागलं नाही. मी जॅकेट आणि बूट पाठीवर घेतले, डोक्यावर चुंबळ ठेवली, गुडघे वाकवले. सासूबाईंनी एका टोकाची कडी धरली, मी दुसरी, आणि पेटी वर चढली. त्यांनी ती दोन बोटं डावीकडे सरकवली. "मान हलवू नको. पायरी बघायची नाय, पायाला कळते." मी निघाले. मागे झोपाळ्याची कडी वाजली नाही, म्हणजे त्या दारातच उभ्या होत्या.

पिंपळापाशी मला दम लागला. नळापाशी लागला. वरच्या वळणावर लागला. त्या जागा कुणालाही दम लागायच्याच आहेत. मी तिन्ही ठिकाणी थांबले, पुरेसा वेळ थांबले. घाई करायला वर कुणी नव्हतं. डोक्यावर ओझं असताना डोळे पुसता येत नाहीत. एक हात पेटीला लागतो आणि दुसरा तोल सांभाळायला. तशीच चढले.

साडेसहाला हॉलपाशी पोचले तर शटर बंद. पेटी एकटीने उतरवायची नव्हती, म्हणून मी तशीच उभी राहिले. दूधवाला गेला, दोन बायका फिरायला गेल्या, सगळ्यांनी बघितलं. कुणाला हाक मारावी, असं मनात आलं नाही. दहा मिनिटांनी प्रशिक्षक स्कूटरवरून आले, स्टँडही नीट न लावता धावत आले.

"अहो बाई, हे काय? मला फोन करायचा!"

"सर, आधी हात लावा."

दोघांनी मिळून पेटी उतरवली. एक कडी त्यांच्या हातात, एक माझ्या. त्यांनी दुसऱ्या हाताने शटर वर ढकललं. शटरच्या आत हॉलला चार पायऱ्या चढायच्या आहेत. ते वळून मागे, माझ्या बाजूला यायला लागले.

"नको," मी म्हटलं. "तुम्ही वर व्हा. खालचं टोक मी धरते."