बांधावरच्या गवताचं गिऱ्हाईक

सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं; पण ते ठाऊक असणं आणि डॉक्टरांनी आपल्याच सशाचा जबडा उघडून दाखवणं यांत बराच फरक असतो. खालच्या दाढांना आतल्या बाजूने बारीक टोकं फुटली होती. ती आणखी वाढली असती, तर जिभेला टोचू लागली असती.

दोष सशाचा नव्हता. मी नांदेडला रसायनशास्त्रात संशोधन करते. वसतिगृहात प्राणी ठेवू देत नाहीत, म्हणून स्वतंत्र खोली मिळेपर्यंत ससा लातूरला आईकडे राहिला. घरी आलेल्याला चहा-बिस्किट मिळालंच पाहिजे, अशी आईची धारणा आहे. सशाला त्यातला चहा तेवढा मिळाला नाही. गाजर, बिस्किटं आणि पोळीचे तुकडे खाऊन तो गुबगुबीत झाला आणि त्याच्या दाढांना झिजण्याजोगं काम कधी पडलंच नाही.

नांदेडच्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. पहिली, भूल देऊन टोकं घासून काढायची. "पण सशाला भूल द्यायला माझंच मन घेत नाही, मॅडम," ते म्हणाले. "कधी कधी उठत नाहीत." दुसरी वाट सोपी वाटली. "अभी तो शुरुआत है. घास द्या. जितकी खाईल तितकी घास, बाकी सगळं बंद. दिवाळीनंतर पुन्हा दाढा बघू. झिजल्या तर ठीक, नाही तर भूल द्यावीच लागेल."

दिवाळीला अजून अवकाश होता. मी कामाला लागले. कुरिअरने येणारा परदेशी वाळला चारा उत्तम होता, परंतु त्याच्या भावाची माझ्या मेसच्या भावाशी तुलना केल्यावर ससा माझ्यापेक्षा महाग जेवतो, असा निष्कर्ष निघाला. बाजारातून कडबा आणला. ससा त्या जाड धांड्यांवर ऐटीत बसला आणि माझ्याकडे पाहत राहिला. तेव्हा मला मामांची आठवण झाली. मामांची शेती उदगीरच्या पुढे आहे आणि त्यांच्या मळ्यात म्हशीसाठी बारमाही घास असतो.

"मामा, वाळलेला घास मिळेल का?"

"मिळंल की! लई हाय. कोणाला पायजे?"

"सशाला."

"सशाला?" मामा खदखदून हसले. "पाठवतो, माय. तुझा ससा तो आमचा जावई."

पुढच्याच आठवड्यात उदगीरहून येणाऱ्या एसटीने पोतं आलं. सावलीत वाळवलेला, पानं न झडलेला, हिरवागार घास. ससा त्यावर तुटून पडला. स्वस्त, उत्तम आणि घरचं. प्रश्न सुटला, असं मी स्वतःला जाहीर केलं. काही दिवसांनी फरशीवर चुना सांडल्यासारखे पांढरे डाग दिसू लागले. ते सशाच्या मूत्राचे आहेत हे कळताच मी ससा आणि मूठभर घास घेऊन दवाखाना गाठला.

"हे काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"घास."

"ये घास है?"

"हो, घासच. मामांच्या मळ्यातला."

डॉक्टर डोक्याला हात लावून हसू लागले. "मॅडम, हा लसूणघास आहे. आम्ही गवताला घास म्हणतो!"

"आणि आम्ही घासाला घास म्हणतो."

लसूणघास हा मेथीसारख्या पानांचा चारा; त्यात चुना फार. मोठ्या सशाला तो रोज दिला, तर मूत्राशयात खडा होण्याची भीती. शिवाय त्याची पानं इतकी मऊ की दाढांना हवं तसं घर्षण नाही. वास्तविक उलगडा पहिल्या दिवशीच व्हायला हवा होता. डॉक्टर 'तितकी घास' म्हणाले होते. आमचा घास पुल्लिंगी, त्यांची घास स्त्रीलिंगी. पण नांदेडच्या बोलण्यात शब्दांची लिंगं इतक्या मोकळेपणाने बदलतात की मी ती बोलण्याची लकब समजून सोडून दिली. प्रयोगशाळेत एखादं निरीक्षण असं सोडलं असतं, तर मार्गदर्शकांनी मला दाराबाहेर उभं केलं असतं.

मी पुन्हा मामांना फोन केला. सशाच्या दाढांसाठी बांधावरचं साधं गवत हवं, तुरे आणि कुसळं धरण्याआधी कापलेलं, असं स्पष्ट सांगितलं.

"बांधावरचं? ते तर आम्ही जनावरं सोडून चारतो."

"तेच हवंय, मामा."

"असं कसं, माय? मामानं भाचीच्या घरी बांधावरचं गवत पाठवायचं? कंडक्टरनं इचारलं पोत्यात काय हाय, तर मी काय तोंड दाखवू?"

ही अडचण मी गृहीत धरली नव्हती. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. जिच्या पाया पडायचं, तिला फुकट उगवलेली वस्तू पाठवणं त्यांच्या हिशेबी अपमानच होता. तरी पोतं आलं. बारीक पात्यांचं, वासाला गोड असं सुंदर गवत होतं. सशाने ते तोंडात मात्र धरलं नाही. पुढच्या दोन्ही पायांनी भराभर उकरत तो पेंढीच्या गाभ्यापर्यंत पोहोचला आणि तिथून त्याने घासाची जुडी ओढून काढली.

"थोडासाच हाय," मामा फोनवर म्हणाले. "नुसतं गवत भरायला हात होईना."

त्यानंतरच्या पोत्यात घास बारीक कातरून सगळ्या गवतात मिसळलेला होता. ससा पात्यांमधून तेवढाच वेचून खात असे, आणि गवत तसंच राही. भाद्रपद सरत आला होता. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, तो प्रेमानं पाठवतो. त्याला नावं कशाला ठेवतेस?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आईचंच बरोबर आहे. भेटीला नावं ठेवता येत नाहीत. वाटेल तो दर्जा मागण्याचा अधिकार केवळ विकत घेणाऱ्याला असतो.

मामा उडीद विकायला लातूरला आले, तेव्हा मीही सुट्टी काढून घरी गेले. अडत बाजारातून ते जेवायच्या वेळी घरी आले आणि भाव बरा लागल्याने खुशीत होते. आई भाकरी वाढत होती.

"मामा, उडदात माती-खडे निघाले तर अडत्या भाव पाडतो ना?"

"पाडतोच की. पण आपल्या मालात कधी निघत न्हाई. चाळून, उपणून नेतो. गिऱ्हाइकाला आपण फसवत न्हाई."

"मग मला का फसवता?"

"तुला?" मामांचा घास हातातच राहिला. "तुला फसवीन की! तू काय गिऱ्हाईक हायस?"

"गिऱ्हाईक करा ना मग. पुढच्या पोत्याचा भाव सांगा."

"ऐकलंस का बाई?" मामा आईकडे वळले. "तुझी लेक मामाला पैसे देऊन राहिली!"

"शिकून शहाणी झाली," आई म्हणाली. "जेव मुकाट्यानं. आणि तू माफी माग त्याची."

मी माफी मागितली नाही. दाढांची टोकं, दिवाळीनंतरची तपासणी, भूल दिल्यावर ससा उठेलच याची खात्री नसणं, हे सगळं पहिल्यापासून, क्रमाने सांगितलं. मामा भाकरी मोडत ऐकत राहिले.

"हे आधी का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं होतं. तुम्ही जावयाच्या पाहुणचारात होतात."

मामा ताटावरून उठले. मग हात धुऊन आले, पंचाला हात पुसले आणि बाजारातल्या आवाजात भाव सांगितला. तो ऐकून आईच्या हातातली उलथणी थांबली. मी निम्मा सांगितला. मामा म्हणाले, कापणी कोण देणार. मी म्हणाले, पण बी नाही, खत नाही, पाणी नाही. आई एकदा त्यांच्यावर आणि एकदा माझ्यावर ओरडली. शेवटी सौदा कुरिअरच्या पाकिटाच्या कितीतरी खाली पटला आणि मी पैसे तिथेच त्यांच्या मोबाईलवर पाठवले. मोबाईल वाजला तेव्हा त्यांनी तो उलटा करून ठेवला. पण पैसे परत पाठवले नाहीत.

त्यानंतरच्या पोत्यांत लसूणघासाची एक काडीही सापडली नाही. कुसळं नव्हती, माती नव्हती. पेंढ्या एकसारख्या लांबीच्या. सशाने दोन दिवस रुसवा धरला, तिसऱ्या दिवशी एक पातं ओढलं आणि मग खोलीत दिवसभर जात्यासारखी बारीक घरघर सुरू झाली.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी जबडा उघडून आत उजेड टाकला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. "एका दाढेवर जरासं आहे," ते म्हणाले, "तेही जाईल. भूल नको."

दवाखान्याच्या पायरीवर बसून मी मामांना फोन लावला.

"वाचला?"

"वाचला. भूल द्यायची गरज नाही."

"चांगलं झालं." ते खाकरले. "मग आता उन्हाळ्याचं घेऊन ठेव. बांध पिवळे पडले, की असा माल न्हाई भेटायचा. अन् भाव जरा वाढलाय."

"का वाढलाय?"

"शेजारचा पण मागून राहिला, त्याच्या गाईला. तुझं पाहून."

मी सशाची टोपली मांडीवर नीट धरली आणि भाव पाडायला सुरुवात केली.