ड्रायव्हरच्या उजवीकडचा

तानसाच्या तलावात मी एवढा थोरला मासा पाहिलाय, की तो पाणी प्यायला लागला की मुंबईचे नळ कोरडे पडतात. ही थाप माझीच. मुरबाडच्या जीपमध्ये एकदा अख्खं वऱ्हाड, दोन बोकड आणि बँडवाल्याचा ढोल मावला, तीही माझीच. असल्या गोष्टी मी चौकात उभा राहून सांगतो. पण आज जी सांगणार आहे ती बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. तिच्यात फुगवण्यासारखं काही नाही हो. एवढीशी आहे — आणि तरी गिळली जात नाही.

मुरबाडला विहाराच्या सभागृहात आम्ही पोलीस भरतीच्या मुलांसाठी संध्याकाळचा वर्ग चालवायचो. मी शहापूरहून जीपने जायचो आणि बुद्धिमत्ता चाचणी शिकवायचो. स्वतः एकाही भरतीत निवडला गेलो नव्हतो. पण मुलांना सांगायचो, पेपर काढणारे साहेब आधी मला फोन करतात. मुलं डोळे मोठे करायची. मला तेच हवं असायचं — दुसरं काय?

तर त्या दिवशी मी घरचंच कोडं घातलं. जीपच्या पुढच्या बाकावर चौघे एका ओळीत बसलेत : ड्रायव्हर, नर्स, मास्तर, कोतवाल. ड्रायव्हरच्या लगेच डावीकडे कोण? विधान पहिलं, नर्स डाव्या टोकाला आहे. विधान दुसरं, मास्तर नर्सच्या शेजारी आहे. उत्तर द्यायला माहिती पुरेशी आहे का?

मीच टाळी वाजवून सांगितलं, पुरेशी! ड्रायव्हर उजव्या टोकाला, त्याच्या डावीकडे कोतवाल. संपलं.

मागून करुणा उठली. गावाबाहेरच्या वाडीवरची पोरगी. आईबाप वीटभट्टीवर जायचे, ही मावशीकडे राहून शिकायची. तिला पोलिसात जायचं होतं. वर्दी घालून वाडीवर जायचं, एवढं एकच डोक्यात.

"सर, डायवर टोकालाच बसलाय असं कुठं दिलंय? आमच्या जीपला त्याच्या उजव्या अंगाला पण एक जण लटकलेला असतो. कोतवाल तिथं असला, तर डावीकडं मास्तर येतो. दोन मांडण्या होतात. माहिती अपुरी हाय."

पोरं माझ्याकडे बघायला लागली.

आता तुम्हीच सांगा, काय अवघड होतं? 'बरोबर आहे पोरी' — एवढेच शब्द. पण मी तर साहेबांचे फोन घेणारा माणूस! म्हणालो, "माहिती पुरी हाय गो, तुझी अक्कल अपुरी हाय!"

काय हसली पोरं! ढोल वाजावा तशी. त्या दिवसापासून तिचं नावच पडलं, अपुरी. हजेरीला मीसुद्धा एकदा तेच नाव घेतलं. आणि तेवढ्यावर थांबलो असतो तर? नाही. खुंटा बळकट करायला नवी थाप मारली. म्हणालो, 'माहिती अपुरी' हा पर्याय म्हणजे गळ असतो, साहेबांनी स्वतः मला सांगितलंय. तो दिसला की आधी खोडायचा.

ती खाली मान घालून लिहून घेत होती.

भरतीत तिची निवड राहिली. का राहिली? पळण्यात कमी पडली असेल, गणितात पडली असेल, मला काय माहीत! माहिती अपुरी — हाच पर्याय मी मनाशी धरून बसलो. तोच, जो मुलांना खोडायला लावला होता.

परवा सरळगावला जीपमध्ये ती चढली. आसनगावजवळच्या गोदामात खोकी बांधते आता. भरतीचं वय उलटलंय. माझ्याकडे बघून हसली.

"ओळखलं नाय काय, सर? मी अपुरी!"

मग आपणहूनच म्हणाली, "पेपरात तसलाच प्रश्न आलेला. माझं उत्तर अपुरी येत होतं, पण खोडलं. तुमी सांगितलेलं ना. आमी उगाच फाटे फोडत होतो त्या जीपला."

पुढच्या बाकावर ड्रायव्हरच्या उजवीकडे एक माणूस अर्धा बाहेर लटकत बसला होता. तिलाही दिसत होता, मलाही. मी काय केलं? घसा खाकरला, आणि तिला तानसाच्या माशाची गोष्ट सांगितली. ती हसली. किन्हवलीला मी उतरून गेलो. माझं गाव अजून पुढे होतं.

एका प्रश्नाने तिची वर्दी गेली की नाही, हे मला कधीच कळणार नाही. पण माझ्याबद्दलचा प्रश्न वेगळा आहे. त्याला दोन विधानंसुद्धा लागत नाहीत, पहिलंच पुरेसं आहे :

त्या संध्याकाळी मी शहापूरहून वर्गाला आलो, तो ड्रायव्हरच्या उजवीकडे बसून.