मातीत न विरघळलेली गोळी

कवठे येमाईच्या माझ्या साडूंइतका कंपोस्ट खतात गुंतलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्यांच्याविषयी लिहायचं मी जितकं टाळलं तितकं आयुष्यात दुसरं काही टाळलेलं नाही. आता ते नाहीत. माझंही वय झालं. लिहून टाकतो.

गावातला सडका भाजीपाला, शेण, पाचट असं सगळं कुजवून ते बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या पाडत. यंत्र पशुखाद्याचं, जुनं. सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी गोळ्या. भेटेल त्याच्या हातावर एक ठेवून म्हणायचे, "दाबा." लग्नाच्या मांडवात एकदा नवरदेवालाही दाबायला लावली, आणि हळदीच्या हातानं ती फुटली नाही हे दोन पंगती उठेपर्यंत सांगत फिरले. शिरूरहून चौफुल्याला येताना एसटीत मुद्दाम मागच्या चाकावरच्या सीटखाली पिशवी ठेवत. खड्ड्याला बाकीचे प्रवासी कण्हत, हे खाली वाकून पिशवीची विचारपूस करत. उतरल्यावर ढाब्यावर रिकामं ताट मागवून त्यात पिशवी उपडी करायची आणि भुगा किती पडला ते बघायचं. एक गोळी पाण्याच्या ग्लासात. ती विरघळेपर्यंत चहा गार. "साडूभाऊ, हातात फुटाया नको आन् मातीत ऱ्हायाला नको. एवढंच हाय बघा," हे ते मला दर भेटीत नव्यानं सांगत.

मी तेव्हा दौंडला खत विकणाऱ्या एका संघात तपासनीस होतो. गोळी दोन पट्ट्यांमध्ये धरून वर वजनं चढवायची, कितीला फुटते ते लिहायचं, हे माझं काम. त्यांची गोळी पास झाली असती तर संघ तालुकाभर तेच खत पाठवणार होता. एका शनिवारी त्यांनी यवतला माझ्या घरी नमुन्याची पिशवी आणून ठेवली. मी कामावर होतो. बहिणीकडून नेहमीसारखं कुंड्यांसाठी खत आलं असं समजून बायकोनं सगळ्या गोळ्या गुलाबाच्या कुंड्यांत टाकल्या आणि वर पाणी घातलं. तिचा दोष नाही; नमुना येणार हे मी तिला सांगितलंच नव्हतं. संध्याकाळी मी वरवरच्या गोळ्या वेचल्या, रविवारी गच्चीवर वर्तमानपत्रावर वाळवल्या, सोमवारी पट्ट्यांत धरल्या. पहिल्याच वजनाला पीठ. नमुना कुंडीत गेला हे सांगायची लाज वाटली. 'वाहतुकीत टिकत नाही' असं लिहून सही केली. कुंड्यांत उरलेल्या गोळ्यांवर त्या साली आमचे गुलाब असे फुलले की शेजारी फांद्या मागायला आले.

साडू चिडले नाहीत, हेच वाईट. "तुमचं मशीन खोटं कशाला बोलंल? माझंच कुठंतरी चुकलं," म्हणाले आणि गोळी पक्की करायच्या मागे लागले. चिकणमाती घातली, मळी घातली, चुना घातला. दरवर्षी गोळी जास्त कडक. शेवटी कांदा काढताना वाफ्यातून ती अख्खीच्या अख्खी निघू लागली. काढणीच्या बाया म्हणाल्या, "आप्पा, कांदं बारीक आन् गोळ्याच पोसल्यात." त्या हसल्या, तेही हसले. मग गावानं खत घेणं सोडलं, आणि यंत्रावर कोंबड्या बसू लागल्या.

त्यांना अर्धांगवायू झाल्यावर मी गेलो तो सगळं सांगायचं ठरवूनच. वाटभर वाक्यं जुळवली. त्यांनी डाव्या हातानं उशीखालून गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"दाबा."

दोन्ही अंगठ्यांनी दाबली.

"फुटली का?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग आता तरी पास लिवा."

मी मान हलवली, मेहुणीनं आणलेला चहा प्यालो आणि परत आलो. पंधरा दिवसांत ते गेले.

म्हणायचं होतं ते एवढंच: साडूभाऊ, तुमची पहिली गोळीसुद्धा फुटली नसती. ती भिजलेली होती, आणि मला ते माहीत होतं.