दिव्याला लावलेला हात

पर्वत पाटियाजवळच्या आमच्या साड्यांच्या युनिटमध्ये शेठ सकाळी देवीच्या तसबिरीपुढे पितळी दिवा लावायचे. वीसेक बायका हात जोडायच्या आणि मी तोवर गठ्ठ्यांच्या गाठी सोडत बसायची. "ताईना देव सुट्टीवर शे," म्हणून त्या हसायच्या. मीही हसायची. मनात मात्र थोडा तोरा असायचा. तुम्ही भिऊन खरं वागता, मी न भिता वागते, असं मला वाटायचं.

आमचं काम साडीला ब्लाउजपीसचा रंग जुळवायचं. दोन वेगळ्या लॉटचं लाल कापड ट्यूबलाइटखाली अगदी सारखं दिसतं, खिडकीशी नेलं की फरक कळतो. हे खिडकीचं काम दोघींकडे होतं, माझ्याकडे आणि डिंडोलीहून येणाऱ्या एका तरुण विधवेकडे. दोघी मूळच्या खानदेशच्या, पोटासाठी परराज्यात आलेल्या, म्हणून डबाही एकत्र उघडायचो.

गेल्या वर्षी एका व्यापाऱ्याने अख्खा गठ्ठा परत पाठवला. साड्या एका लॉटच्या, ब्लाउजपीस दुसऱ्या लॉटचे. वरची चिठ्ठी फाटलेली, त्यामुळे गठ्ठा कुणी तपासला, की बांधताना कुणी पीस मिसळले, ते कळेना. अशा वेळी आमच्याकडे सगळ्यांनीच दिव्याला हात लावायची पद्धत होती. "माझ्या हातून झालं नाही," म्हणायचं आणि दिव्याला बोटं टेकवायची. भिंतीवर कॅमेरा होता, पण शेठ दिवाच मानायचे.

बायका एकेक करून पुढे गेल्या. प्रत्येकीने आधी डोळे मिटून आठवून बघितलं, मगच हात लावला. मी गेले, वाक्य म्हटलं, हात लावला आणि परत आले. पितळ कोमट होतं, एवढंच जाणवलं. आठवून बघायचं माझ्या मनातही आलं नाही.

शेवटी ती राहिली. शेठनी दोनदा हाक मारली तरी जागची हलेना. मग माझ्या कानाशी पुटपुटली, "ताई, मी आज बाहेर शे. दिवाले हात कशी लावू? कोनले सांगू नको."

पाळीत दिव्याला शिवायचं नाही, आणि ते शेठसमोर बोलायचंही नाही. पण हात न लावणं म्हणजे कबुलीच. शेठनी तिला बाहेर जिन्यात बसायला सांगितलं. "चार बजे आता हूँ, फिर देखते हैं," म्हणाले. याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. उद्यापासून ती येणार नव्हती.

गठ्ठा पुन्हा जुळवायला माझ्याकडेच आला. खिडकीशी नेऊन पहिला ब्लाउजपीस उलगडला, तर किनारीवर बॉलपेनची बारीक रेघ. तपासून झालं की ती टिंब देते, मी रेघ ओढते; ही खूण आम्हा दोघींपुरतीच. रेघ माझी. मग सगळं आठवलं. मुलगी चक्कर येऊन पडली म्हणून शाळेतून फोन आला होता आणि मी ट्यूबलाइटखालीच भराभर रेघा ओढून पळाले होते.

अकरा वाजले होते. चारपर्यंत माझे हात काम करत होते. तिची अडचण शेठना सांगावी? म्हणजे तिचा शब्द मोडायचा, आणि तेही स्वतःला वाचवून. गप्प बसावं? कुणाला कळणार होतं? वरून कुणी बघत नाही हे तर मीच ऐटीत सांगत आले होते. त्या दिवशी त्याचीच भीती वाटली. मी गप्प बसले असते तर खरंच काही झालं नसतं. आकाश कोसळलं नसतं, मला रात्री झोपही लागली असती कदाचित. पाणी प्यायच्या निमित्ताने मी तीनदा जिन्याच्या दारापर्यंत गेले. ती गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. तीनदा तशीच परत आले. याची लाज मला आजही वाटते.

शेठ आले तेव्हा तो ब्लाउजपीस त्यांच्यापुढे धरला. "शेठ, ही रेघ माझी आहे. चूक माझी."

ते रेघेकडे बघेचनात. "बेन, तुमने तो दीये को हाथ लगाया था ने?"

मागची शिलाई मशीन थांबली. मी "हो" म्हणाले. माझी नोकरी राहिली, तिचीही राहिली. जुनी बाई, चूक होते, म्हणून शेठनी विषय संपवला. पण दुसऱ्या दिवशीपासून माझा देव सुट्टीवर असल्याचं कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती डबा घेऊन दुसरीकडे बसली. मी तिच्याजवळ गेले, म्हटलं, "अगं, माझ्यासाठी ते नुसतं पितळ होतं. खोटं बोलायचं म्हणून नाही हात लावला."

तिने घास खाली ठेवला. आवाज चढवला नाही.

"तू दिवाले हात लावा ना ताई, मंग माले वाटनं, ताई खोटं बोलाव नही. चूक मनीच व्हई. चार वाजालोंग मी तेच आठवत व्हती, कधय करी मी ती चूक."