जहूरभाईंचा सरहद्द प्रांत

जहूर मुकादम उभ्या जन्मात पाकिस्तानात गेले नव्हते. रत्नागिरीहून निघाले ते थेट दोह्याला, एका ट्रक कंपनीत कारकून म्हणून. पण सरहद्द प्रांताचा विषय निघाला की हा माणूस दुसऱ्या कुणाला तोंड उघडू देत नसे. कंपनीतले तिकडचे सगळे ड्रायव्हर रजेचा अर्ज त्यांच्याकडूनच भरून घेत, आणि 'जिल्हा' या रकान्यापाशी जहूरभाई अर्धा अर्धा तास चौकशी करत. कोहाटच्या पुढे काय? बन्नू उजवीकडे की डावीकडे? त्यातून त्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर अख्खा प्रांत काढला आणि मेसच्या भिंतीवर ठोकला. खालून वर चढत स्वात-दीरपर्यंत पोचले आणि कागद संपला. मग सगळ्यात वरचं, उरलेलं चित्राल त्यांनी तळाला, डेरा इस्माईल खानच्या शेजारी, मोकळ्या जागेत बसवलं. कोण बघतंय!

नव्व्याण्णवच्या हिवाळ्यात मॅनेजर गुरुप्रसाद यांनी फतवा काढला. चित्रालची वाट बर्फाने बंद होते, म्हणून तिथल्या माणसाला दहा दिवस जादा रजा. आठवड्यात अकरा जण चित्रालचे निघाले. बन्नूच्या उन्हाची वर्षभर बढाई मारणारा जमरूद खानसुद्धा!

खरा चित्राली एकच, शेर वली. त्याचा निकाह ठरला होता, आणि त्या दहा दिवसांवाचून तो घरी पोचणंच शक्य नव्हतं.

गुरुप्रसादांनी परीक्षा घेतली. टेबलावर प्रांताची कोरी आकृती ठेवली आणि चित्रालवर बोट ठेवा म्हणाले. दहा जणांनी मेसमध्ये उभं राहून पाठांतर केलं होतं. दहाही बोटं तळाला टेकली. शेर वलीचं तेवढं वरच्या टोकाला.

"जहूर का नक्शा देखो, ये अकेला झूठा है," म्हणत साहेबांनी त्याच्याच अर्जावर काट मारायला पेन उघडलं. शेर वलीचा चेहरा पार उतरला.

जहूरभाई अर्जांचा गठ्ठा घेऊन शेजारीच उभे होते. गप्प बसावं तर पोराचं लग्न मोडतं, बोलावं तर सात वर्षांची विद्वत्ता खलास. मेल्या, त्यांनी स्वतःलाच हासडली, तुझ्या शहाणपणापायी नवरी ताटकळत बसणार!

"साहब, ये सच्चा है. नक्शा झूठा है. ऊपर कागज खतम हो गया था."

गुरुप्रसाद पोट धरून हसले. शेर वलीच्या अर्जावर सही झाली, बाकी दहांचे जादा दिवस गेले. जमरूद खानाने असे डोळे वटारले की जहूरभाई पुढे आठवडाभर खोलीतच जेवले.

"तूने साल भर वो नक्शा देखा. बोला क्यों नहीं?" साहेबांनी शेर वलीला विचारलं.

तो लाजला. "हमारे उधर सर्दी बहुत है, साहब. मैं समझा, जहूरभाई ने मोहब्बत से नीचे उतार दिया. सोचा, घरवाले थोड़ा गरम हो जाएंगे."