तिसऱ्या गाडीवर सही

ॲम्ब्युलन्सवाल्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते मागच्या दारानं आपोआप चढतात आणि मग उतरायचं नाव घेत नाहीत! मंचरच्या आमच्या शेडमध्ये चहाला चार माणसं जमली की एखादा निघतोच. पण नवी गाडी पसंत करायच्या त्या तीन आठवड्यांत जेवढे जमले, तेवढे आधीच्या अठरा वर्षांत जमले नव्हते.

आधी मुद्दा सांगतो, म्हणजे मी एवढा हट्टाला का पेटलो होतो ते कळेल. आमची जुनी गाडी वर्षभरापूर्वी डिंभ्याच्या पुढच्या घाटात बंद पडली होती. मागे पेशंट होती, एक बाई. इंजिन तापलं, दुसरी गाडी येईस्तोवर बाई गेली. गाडी मी चालवत होतो. मला कोणी बोल लावला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. त्या दिवसापासून मी तो घाट चढलो नव्हतो. तिकडचा कॉल आला की दुसऱ्या ड्रायव्हरला, भागाजीला, पाठवायचो.

आमच्या ट्रस्टचे अध्यक्ष कांतीशेठ. कांद्या-बटाट्याचे व्यापारी, तीन पिढ्या मंचरात, बोलणं आमच्यासारखंच. ते म्हणाले, "नाना, गाडी तू पसंत करायची. तू सही करशील तीच घेऊ."

मी म्हणालो, "शेठ, पुन्हा माणूस वाटेत ठेवील अशी गाडी मी घेणार न्हाई. मग वर्ष लागू द्या."

झालं! कंपन्या गाड्या आणून दाखवायला लागल्या आणि मी मुलाच्या बापासारखा प्रत्येकीत खोट काढायला लागलो.

* * *

पहिल्या गाडीला ट्रायलसाठी पेशंट हवा होता. कंपनीचा माणूस पुण्याचा, टाय लावलेला. म्हणाला, "तुमच्यापैकी कोणीतरी स्ट्रेचरवर झोपा, म्हणजे सस्पेन्शन कळेल."

आमच्यात कोणी झोपेना. धडधाकट माणसानं स्ट्रेचरवर पाठ टेकायची नाही, हा आमचा नेम. भागाजी पिंपळवंडीचा, सहा फुटी गडी, बिबट्याला भीत नाही. तोसुद्धा मागे सरला. "राव, तिथं एकदा जागा धरली की धरली. मी न्हाई झोपायचा."

शेवटी शेठनी गाळ्यावरून कांद्याची गोणी पाठवली. तिला पट्टे बांधले, वर पांढरी चादर घातली आणि पिंपळवंडीपर्यंत जाऊन आलो. स्पीडब्रेकरला गाडीचं पोट घासत होतं, म्हणून ती तिथंच नापास झाली.

पिंपळवंडीच्या स्टँडवर एका म्हातारीनं काचेतून आत बघितलं, हात जोडले आणि विचारलं, "कोनाचं हाय, बाबा?"

भागाजी सरळ माणूस. तो म्हणाला, "शेठचं."

दुपारी चार वाजता शेठच्या गाळ्यावर माणसं भेटायला यायला लागली! शेठ सगळ्यांना सांगून थकले की बाबांनो, कांदा होता. म्हातारी स्वतः आली होती. ती काही ऐकेना. "कांदा कसा आसल? माझ्याकडं मान वळवून बघितलं की तिनं!"

शेठनी ती गोणी विकली नाही. घरीही नेली नाही.

* * *

दुसरी गाडी राजुरीच्या शिवारात नेली. दोन्ही बाजूंना ऊस, मधे बैलगाडीपुरती वाट. आमचे निम्मे पेशंट असल्याच वाटांवरून उचलायचे असतात, म्हणून मागे घेताना गाडी कशी वागते ते बघायचं होतं. या गाडीला मागे कॅमेरा आणि पुढे टीव्हीसारखा स्क्रीन. कंपनीचा दुसरा माणूस खुशीत होता. "सर, अब पीछे देखने की ज़रूरत ही नहीं!"

मी रिव्हर्स टाकला. स्क्रीनवर एक म्हातारा. पटका, कोपरी, हातात काठी. अगदी दाराला लागून उभा. सेन्सर पीप पीप करायला लागला.

मी खाली उतरलो. मागे कोणी नाही. ऊस स्तब्ध, भर दुपार, पानही हलत नव्हतं. परत बसलो तर म्हातारा स्क्रीनवर तसाच.

कंपनीच्या माणसानं कॅमेरा रुमालानं पुसला. म्हातारा आणखी स्वच्छ दिसायला लागला!

मग आमची कल्पना सिस्टर उतरली. ती राजुरीचीच, पण आमच्याकडे नोकरीला लागून तिला चारच महिने झाले होते. तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि मोकळ्या वाटेकडे बघून म्हणाली, "बाबा, पेशंट न्हाई आज. नुसती गाडी बघायला आलोय. वाट द्या."

पीप पीप थांबलं. स्क्रीनवर फक्त वाट.

सिस्टर पुन्हा येऊन बसली आणि पर्समधून बडीशेप काढून तोंडात टाकली. कंपनीचा माणूस हळूच म्हणाला, "मॅडम, ये फीचर ब्रोशर में नहीं है।"

* * *

तीच गाडी मंचरच्या चौकातून परत आणत होतो. बाजाराचा दिवस, बटाट्याचे ट्रक, ट्रॅक्टर, एसट्या. पेशंट नसताना सायरन वाजवायचा नाही हा आमचा नियम, त्यामुळे मुकाट रांगेत उभा होतो. एरवी सायरन बोंबलला तरी तिथं कोणी हलत नाही.

त्या दिवशी समोरचा ट्रक आपणहून बाजूला झाला. मग त्याच्या पुढचा. मग ट्रॅक्टर. लोण्यातून सुरी जावी तशी गाडी चौक पार झाली.

मी ट्रकवाल्याशेजारून जाताना काच खाली केली आणि म्हणालो, "लई उपकार, भाऊ!"

तो चिडलेला. "उपकार कसले? ती मागची बाई केवढ्यानं वरडतीय, वाट द्या, वाट द्या! तिला आदी दवाखान्यात पोचवा की!"

मी आरशात बघितलं. सिस्टर खिडकीला डोकं टेकवून गाढ झोपली होती.

ती गाडी नापास केली. का, ते शेठनी विचारलं. मी छत बुटकं आहे म्हणून सांगितलं, आणि ते खरंही होतं. सिस्टरला आत सरळ उभं राहता येत नव्हतं.

* * *

हा छोटा आहे. तिसरी गाडी शेडमध्ये शिरली तेव्हा कोपऱ्यातल्या जुन्या गाडीचा हॉर्न एकदा वाजला. बॅटरी आठवडाभरापूर्वी काढून ठेवली होती.

भागाजी म्हणाला, "सवत आवडली जनू तिला."

* * *

तिसऱ्या गाडीत मला काही खोट सापडेना. उंची चांगली, इंजिन दमदार, स्ट्रेचर एका माणसाला ओढता येईल असं. आता घाटच उरला होता. शेठ म्हणाले, "भागाजीला पाठवू का?" मी नको म्हणालो. सही माझी, तर घाटही मीच चढायला हवा. खरं सांगतो, निघण्याआधी रेडिएटरचं पाणी तीनदा बघितलं.

सकाळी दहाला निघालो. या तिसऱ्या कंपनीचा माणूस माझ्याशेजारी, सिस्टर मागे एकटी. स्ट्रेचर रिकामं. जाताना काही झालं नाही. येताना तो चढ लागला, जिथं जुनी गाडी बंद पडली होती. माझी नजर तापमानाच्या काट्यावर. काटा जागचा हलला नाही, पण माझाच पाय ॲक्सिलरेटरवर ढिला पडला.

तेवढ्यात केबिनच्या मागच्या खिडकीवर टकटक झाली. सिस्टर म्हणाली, "नाना, थांबू नका! ऑक्सिजन उतरतोय. दामटा!"

सिस्टर ट्रायलही अगदी खऱ्यासारखी करते, याचं मला कौतुक वाटलं. धीरही आला. दामटली गाडी. घोडेगाव मागे टाकलं आणि थेट मंचरच्या दवाखान्याच्या पोर्चमध्ये नेऊन उभी केली. पोर्चमध्ये गाडी नीट वळते का, तेही बघायचं होतंच.

मागचं दार उघडलं. सिस्टर घामाघूम. तिनं हातातला फॉर्म मला दिला. प्रत्येक फेरीचा फॉर्म भरायचा अशी तिची शिस्त. ट्रायल असली तर ती नावाच्या जागी 'ट्रायल' लिहून बाकीच्या रकान्यांवर रेघ मारते.

या फॉर्मवर रेघ नव्हती. 'स्त्री, वय अंदाजे तीस. उजव्या पायाला सर्पदंश.' खाली दर पाच मिनिटांचा ऑक्सिजन. अठ्ठ्याऐंशी, ब्याऐंशी, आणि घाट उतरल्यावर नव्वद, पंच्याण्णव. शेवटच्या रकान्यात, 'पोहोचताना स्थिती: शुद्धीवर. पाणी मागितले.'

घाटात गेलेल्या त्या बाईला उजव्या पायालाच साप चावला होता. भातखाचरातून मीच तिला उचलून आणलं होतं. शेवटपर्यंत पाणी मागत होती.

"सिस्टर, हे कोनी लिवलं?"

तिनं फॉर्म वाचला. पुन्हा वाचला. "अक्षर माझंच हाय, नाना. पन मी तर... रिकाम्या स्ट्रेचरचं काय लिवनार मी?"

कंपनीच्या माणसाला मराठी वाचता येत नव्हतं. त्यानं टाय सारखा केला आणि विचारलं, "तो सर, गाड़ी फाइनल समझूँ?"

मी उत्तर देणार तेवढ्यात कॅज्युअल्टीतल्या मावशी दाराशी आल्या. त्यांना घाई होती.

"नाना, आत्ता आनलेल्या बाईबरूबर कोन हाय? ती मालकाला बोलवतीय."

मी आत गेलो नाही. बॉनेटवर गाडीच्या पसंतीचा कागद ठेवला आणि सही केली.